चांगली बुरशी

गल्लीत तिला सगळे अळंबीवाली म्हणतात. घरामागच्या खोलीत तिच्या भुशाच्या पिशव्या टांगलेल्या असतात, चांगल्या नव्वद. आधी भुशात पांढरे धागे पसरतात, मग पिशवीच्या भोकांतून अळंबी फुटते. पलीकडच्या आवारात धाकट्या दिराची रोपवाटिका. कुंड्यांसाठी त्याला हीच खोली हवी होती आणि नवऱ्याने परस्पर शब्दही देऊन टाकला होता: हे पीक बुडालं तर खोली तुझी.

सहा दिवस बहिणीकडे राहून ती परतली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. पांढऱ्यावर हिरवे डाग. एखाददुसऱ्या नाही, सगळ्या पिशव्यांवर.

"भावजी, आत कोण आलं होतं?"

"मीच, वहिनी. फवारा मारला. आपली रोपांची पावडर. एकदम चांगली बुरशी असते त्यात, वाईट बुरशीला खाऊन टाकते." चेहरा असा, की आता हिने आभार मानावेत.

"अहो, अळंबी म्हणजे फुलकोबी वाटली का तुम्हाला? तीसुद्धा बुरशीच आहे!" तिने एक पिशवी त्याच्या नाकासमोर धरली. "बघा नीट. तुमचा हिरवा माझ्या पांढऱ्या धाग्याला वेटोळं घालतो, त्याची साल विरघळवतो आणि आतलं शोषून घेतो. भुसा पचवायचे कष्ट याने करायचे, आणि तो आयता जेवणार!"

नवरा मध्ये पडला. "अगं, चुकून झालं. मुद्दाम करेल का तो?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान डोकं वापरलं म्हटलं असतं."

दीर पिशवी चाचपत होता. "तशा वाया नाही जायच्या या. माझ्या रोपांना हा भुसा झकास. आणि खोली तर आता..."

"खोली तर आता काय?" तिचा आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत गेला. "पीक बुडालेलं नाही, तुम्ही बुडवलंय. असला शब्द कुणी दिला नव्हता. भुशाची एक मूठ मिळणार नाही. सगळ्या पिशव्या तोंड बांधून खड्ड्यात. मग भिंती घासायच्या, छतासकट. त्या पावडरीचे कपडे बदलून, आंघोळ करून या. तसे आत पाय ठेवलात तर बघा!"

दिराने भावाकडे पाहिलं. भावाने बायकोकडे पाहिलं आणि गुपचूप मोरीत जाऊन ब्रश शोधू लागला.

"शोधू नका," ती म्हणाली, "दोन काढलेत. एक तुमचा."