अकरा झाकणं

मी लढाऊ जहाजं बनवतो. खरी नव्हे, लाकडाची आणि प्लास्टिकच्या शीटची, दीड-दोन फुटांची. हे सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाण्यात चालतं का?" पूर्वी मी हसून उत्तर द्यायचो. आता डोकं फिरतं. माणूस एक अख्खं जहाज दोनशे पट लहान करतो, त्याचा कठडा केसाएवढ्या तांब्याच्या तारेतून उभा करतो, आणि ह्यांना ते बादलीत सोडायचंय.

सदतीस वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. रिटायर झालो तसं गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकलं. बायको म्हणते, सवत आणली असती तर निदान तिने स्वयंपाकाला हात लावला असता. मी कामाला बसलो की पंखा बंद, कारण तोफा उडतात. एकदा एक विमानभेदी तोफ पोह्यांत सापडली, तेव्हापासून ती टेबलाच्या बाजूला ताट ठेवत नाही.

पहिलं जहाज केलं ते मराठ्यांच्या आरमारातलं गुराब. त्याची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, खाली झुकलेली असते, तोफा समोरून मारता याव्यात म्हणून. बाजारातल्या शोभेच्या गुराबांची नाळ सरळ वर गेलेली असते आणि लोक ती कौतुकाने दिवाणखान्यात ठेवतात. मी तर एका लग्नात नवऱ्यामुलाला आहेरातलं गुराब दाखवून ते कसं चुकलंय हे समजावून सांगितलं होतं. बायकोने कोपर मारून मला तिथून हलवलं. पण मला चूक दिसली की राहवत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो मला महागात पडलाय.

माझा एक नियम आहे. जहाज कधीही "साधारण" करायचं नाही. त्याच्या आयुष्यातला एक दिवस धरायचा आणि त्या दिवशी ते जसं होतं तसंच करायचं. कुठली होडी खाली सोडली होती, कुठलं निशाण वर होतं, गंज कुठे आला होता, सगळं. हे आमच्या धंद्यातल्या सगळ्याच खुळ्यांना ठाऊक असतं. दिवस धरला नाही तर ते जहाज नव्हे, खेळणं.

आमच्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत काकू राहतात. माझ्या सख्ख्या काकू नव्हेत, चाळीच्या काकू. वय चौऱ्याहत्तर. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, आता एकट्याच. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा एकाहत्तरचं युद्ध लागलं. त्यांचे यजमान नौदलात, बॉयलरवर. त्यांच्या फ्रिगेटला पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि ती काही मिनिटांत गेली. थोडे लोक वाचले. बरेच गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तार आली तेव्हा गॅलरीत सगळी चाळ जमली होती एवढं मला आठवतं. तारेत होतं, बेपत्ता, मृत समजावे.

काकूंच्या सासूबाई मालवणकडच्या, खणखणीत बाई. त्या म्हणाल्या, समजावे म्हणजे काय? आमी नाय समजत. आणि काकूंच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. सासूबाई जाऊनही तीस वर्षं झाली, तरी राहिलं. त्यांचे हे पट्टीचे पोहणारे होते. पोहत निघाले असतील, कुणा मच्छीमाराने उचललं असेल, पलीकडे कुठल्या तुरुंगात असतील, असं काहीबाही त्या एके काळी बोलायच्या. पुढे बोलणं बंद झालं. पण यजमानांच्या वाढदिवसाला त्या खीर करून चाळीत वाटतात आणि वाटी हातात देताना सांगतात, "यंदा ह्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं." आम्ही खीर खातो. वाटी धुऊन परत देतो.

गेल्या वर्षी खिरीची वाटी घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि टेबलाशी थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "माझ्या ह्यांची बोट करशील रे?"

बोट नव्हे, जहाज, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बायकोने डोळे वटारले म्हणून गिळलं. करतो म्हटलं.

खरं सांगायचं तर मी हरखलोच होतो. ह्या जातीची फ्रिगेट मला कधीची करायची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी पाणबुड्या शोधायला म्हणून ही छोटी, स्वस्तातली जहाजं काढली. तोफा बेताच्या, जहाज ढकलणारा पाण्याखालचा पंखा एकच, पण मागच्या डेकवर पाण्यातले बाँब फेकणाऱ्या दोन उखळ्या. त्यांतली काही आपल्याकडे आली. पाणबुडी मारायला बांधलेलं जहाज पाणबुडीनेच घेतलं. इंग्लंडातल्या एका संग्रहालयाकडून मूळ नकाशांच्या प्रती मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी मी जेवलो नाही.

आणि नियमाप्रमाणे दिवस धरला. कुठला धरणार? शेवटचाच.

काकू रोज चार वाजता यायच्या. स्टूल ओढून बसायच्या. आधी नुसत्या बघायच्या, मग विचारायला लागल्या. जेवण कुठे करायचे? झोपायचे कुठे? आंघोळीला पाणी गोडं की खारं? मला विचारलेलं आवडतं. मी नकाशा पसरून दाखवायचो, ही खानावळ, हे झुले टांगायची जागा, आणि इथे खाली, दोन मजले खाली, बॉयलर. इथे तुमचे हे. त्या बोट ठेवून बघायच्या. "एवढ्या खाली होय," म्हणायच्या. "उकडत असेल." आपल्या माणसाच्या रोजच्या जगण्याबद्दल चोपन्न वर्षांत त्यांना कुणी इतकंही सांगितलं नव्हतं, ह्याचंच मला नवल वाटायचं.

त्यांचा हात असा की मला लाज वाटावी. आयुष्यभर काजं-बटणं केलेली बोटं, जराही थरथर नाही. माझी मात्र साठीनंतर थरथरायला लागली आहेत. हळूहळू मी बारीक काम त्यांच्याकडेच दिलं. डोलकाठीच्या दोऱ्या त्यांनी ओढल्या. कठड्याचे खांब त्यांनी लावले. आठ महिन्यांत जहाज उभं राहिलं आणि त्यातलं निम्मं काकूंचं होतं.

शेवटी डेकवरची झाकणं राहिली. डेकमधून खाली उतरायची जी चौकोनी भोकं असतात, त्यांवरची. तुरीच्या डाळीएवढी एकेक. अकरा होती. मी कापून रंगवून बशीत ठेवली, काकूंच्या हातात चिमटा दिला आणि म्हटलं, मी सांगतो तिथे चिकटवत जा. मी नकाशावरून जागा सांगत गेलो, त्या गोंदाचा थेंब लावून झाकण बसवत गेल्या. अकराच्या अकरा, रेषेत, एकही वाकडं नाही. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, "वा काकू, कचेरीत असतात तर माझी नोकरी गेली असती."

त्या खूश झाल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "पण सगळीच बंद कशी रे? एखादं उघडं नको? गॅलरीतल्या दारांसारखं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला चूक दिसली की राहवत नाही ना. मी मास्तरासारखा सुरू झालो. म्हटलं, बंदरात उघडी असतात. युद्धात नाही. युद्धात सगळी झाकणं लावून वरून खिट्ट्या पिळून घट्ट करतात. एका खणात पाणी शिरलं तरी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. आपण शेवटचा दिवस धरलाय, तेव्हा ती बंदच पाहिजेत.

"मग खालची माणसं?"

"खालची खालीच," मी म्हणालो. "ती येत नाहीत वर."

हे मी बोललो. ह्याच तोंडाने, नकाशावरून नजरही न काढता. वर आणखी पेन्सिलीने दाखवलं, "हे सहावं, ते बॉयलरवरचं."

मग मी बघितलं. काकूंच्या हातात चिमटा तसाच होता. त्या सहाव्या झाकणाकडे बघत होत्या. त्यांनी स्वतः लावलेलं. गोंद अजून ओला होता.

मी पेन्सिल खाली ठेवली. आठ महिने ही बाई माझ्यासमोर बसली होती. ती काय बघायला येते हे मला कळलं नाही? मी तिला तोफांच्या नळ्या मोजणाऱ्या माझ्यासारखंच एक खुळं समजलो. तिच्याकडूनच नवऱ्याच्या डोक्यावरचं दार लावून घेतलं आणि वर शाबासकी दिली.

काकूंनी चिमटा बशीत ठेवला. पदर सावरला. "उद्या बघू," म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत गेल्या.

बायको सगळं ऐकत होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत का हो?"

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन कडी न वाजवता परत आलो. काय सांगणार होतो, चुकून बोललो? चुकून नव्हतो बोललो. ठणकावून बोललो होतो. चार वाजले की मला टेबलाजवळचं स्टूल सरकल्यासारखं वाटायचं.

आठव्या दिवशी नुसतं बसवेना म्हणून नकाशे काढले. गुंडाळीत तळाला एक पान होतं, सुट्या भागांचं. ते मी कधी नीट उघडलंच नव्हतं. त्यात झाकणांचं मोठं चित्र होतं. बघता बघता मी उभा राहिलो.

काही झाकणांच्या मधोमध आणखी एक झाकण होतं. छोटं, गोल, एका माणसाच्या खांद्यांपुरतं. मोठं झाकण वरून कितीही पिळलेलं असो, हे खालून चाक फिरवून उघडता येतं. अडकलेल्या माणसांसाठीच ठेवलेलं. बॉयलरवरच्या झाकणात होतं.

डेकच्या नकाशावरही ते वर्तुळ होतं. मला दिसलं होतं. पण मी जन्माचा ड्राफ्ट्समन. आम्ही कंपासने मदतीची पुसट वर्तुळं काढतो आणि कधी कधी ती पुसायची राहतात. मला वाटलं कुणा गोऱ्या साहेबाने रेघ पुसली नाही. मनातल्या मनात त्याला आळशी म्हणून मी पुढे गेलो होतो. सगळ्या चाळीला, सगळ्या लग्नांना चुका दाखवत फिरणारा मी, आणि जहाजावरचं एकच दार असं होतं की ज्याच्यावर एका बाईचं आयुष्य टांगलेलं होतं, तेच गाळलं.

त्यातून काकूंचे यजमान वर आले असं काही सिद्ध होत नव्हतं. जहाज फार लवकर गेलं, खाली अंधार, वाफ, कोण कुठे होतं कोणाला ठाऊक. पण खालची माणसं वर येत नाहीत, हे खोटं होतं. येऊ शकत होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. चप्पलही न घालता नकाशा गुंडाळून मी गॅलरीतून धावत सुटलो आणि काकूंचं दार वाजवलं.

त्यांनी दार उघडलं. कपाळ मोकळं होतं.

मला त्या बाबतीतल्या रीतीभाती पटत नाहीत. दुसरी कुणी असती तर भांडलो असतो. पण मी काकूंना जन्मात कधी कुंकवावाचून बघितलं नव्हतं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ होती.

"ये," त्या म्हणाल्या. "मीच येणार होते. काल बाणगंगेवर जाऊन आले. गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून ह्यांचं सगळं क्रियाकर्म केलं. चोपन्न वर्षांचं एकदम." त्यांनी मला खुर्ची दिली. आवाज स्वच्छ होता. "चार दिवस तुझा फार राग आला. मग वाटलं, सगळ्या जगाने मला आशा ठेव म्हणून सांगितलं. सासूबाईंनी, ऑफिसरांनी, तुझ्या आईनेसुद्धा. खरं सांगणारा तू एकटा निघालास. त्यांना यायला वाटच नव्हती. मी उगीच म्हणायचे, आले का नाहीत. दुसरीकडे कुठे संसार तर नाही ना मांडला, असंही मनात यायचं रे. लाज वाटते आता. काल पहिल्यांदा झोप लागली."

माझ्या हातात नकाशा होता. मी आयुष्यात कुणाची चूक दुरुस्त केल्याशिवाय उठलो नाही.

"चहा टाकते," काकू म्हणाल्या. दाराशी वळून त्यांनी विचारलं, "आणि आपलं जहाज? आता झालं ना पुरं? काही राहिलं तर नाही?"

मी गुंडाळी खुर्चीच्या मागे सरकवली.

"नाही काकू," मी म्हटलं, "काही राहिलं नाही."