बैलगाडीतून मोटारी पाहायला

गेल्या आठवड्यात एका वाचक आईने विचारलं, "मे महिन्यात मोकळ्या मैदानावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन आहे. पाच वर्षांच्या मुलाला न्यावं का?" न्या की! टोपी घाला, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट पाणी घ्या, सकाळी लवकर जा आणि अकराच्या आत घरी परता. माझं उत्तर इथेच संपायला हवं होतं. पण या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही, कारण आमचं कुटुंब असल्या प्रदर्शनाला गेलं होतं तेव्हा यातली एकही गोष्ट आम्ही धड केली नव्हती. म्हणून या वेळचं प्रवासवर्णन जेमतेम पाच-सहा किलोमीटरचं आहे आणि सत्तरएक वर्षांपूर्वीचं आहे. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि धाकटी शकू चार वर्षांची.

आम्ही कासारवाडीला एका खोलीत राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, मूळचे माण तालुक्यातले सुतार. इथल्या एका कारखान्यात ते माल भरायची लाकडी खोकी तयार करायचे. गावाकडे आबा, माझे आजोबा, बैलगाड्या घडवायचे. आसपासच्या गावांत त्यांच्या हातच्या चाकाला मान होता, आणि एकुलत्या एक मुलाने तेच काम पुढे चालवावं असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. दादा कारखान्यात जायला निघाले तेव्हा आबा म्हणाले होते, "जातोस तर जा. मग पत्रंबित्रं धाडू नकोस." दादा तरीही दर महिन्याला कार्ड टाकायचे. तीन वर्षांत एकाचंही उत्तर आलं नव्हतं. पोस्टमन दारावरून पुढे गेला की दादा उगाच रंध्याचं पातं तपासत बसायचे, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की वाईट वाटतं.

प्रदर्शनाची बातमी दादांना कारखान्यात कळली. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला, रिकाम्या शेतात, रविवारी पुण्या-मुंबईचे हौशी लोक आपापल्या मोटारी मांडणार होते. फोटोग्राफरही येणार होता. तेवढ्यावर दादांनी ठरवून टाकलं, की पोरींचा मोटारीजवळ फोटो काढायचा आणि आबांना पाठवायचा.

"शब्दांना उत्तर देत नाहीत, नातींची तोंडं बघून तरी देतील," दादा म्हणाले.

"मग नुसती तोंडं पाठवा," आई म्हणाली. "गाड्या घडवणाऱ्या माणसाला मोटारीचा फोटो? जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. आहे तेही तुटेल."

"आपण इथे काय बघतो, कसे राहतो, ते दिसू दे की त्यांना."

 शनिवारी दिवसभर आई भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटत होती.

रविवारी सकाळी सातला आम्ही तयार. मला आणि शकूला नवे फ्रॉक, वेण्यांना लाल रिबिनी, पायांत बाजारातून आणलेल्या चपला. ऊन लागू नये म्हणून आईने आमच्या फ्रॉकच्या खिशात एकेक कांदा टाकला. सोबत भाकरी, मिरचीचा ठेचा, कैरीची फोड आणि फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात पाणी. चौघांना एक तांब्या! आज माझी नात तिच्या मुलाला बागेत नेते तरी तीन बाटल्या घेते, आणि ती बरोबर आहे.

एसटी आली ती भरून. ड्रायव्हरने थांबण्याचं नावही घेतलं नाही. दुसरी तासाभराने, तीही तशीच. आम्ही रस्त्याकडेला उभे असताना मागून कडबा भरलेली बैलगाडी आली. हाकणारे बाळोबा कासारवाडीतलेच, दादांच्या तोंडओळखीचे.

"कुटं निगालात समदी नटूनथटून?"

"चिंचवडला. मोटारींचं प्रदर्शन आहे."

बाळोबा हसले. "मोटारी बघाया चाललाय आन् मोटार तुमाला घ्याया न्हाई व्हय? बसा मागं. आमी तिकडंच चाललोय."

कडब्यावर बसून केलेला तो प्रवास मला प्रदर्शनापेक्षाही जास्त आवडला होता. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली शेतं, मधूनच एखाद्या नव्या कारखान्याची अर्धवट भिंत, रस्त्यावर कडुनिंबाची सावली. शकू प्रत्येक झाडाला टाटा करत होती. दादांचं मात्र कशाकडे लक्ष नव्हतं. ते मान वाकडी करून चाकाचा आवाज ऐकत होते.

"बाळोबा, थांबवा. उजव्या चाकाची धाव सैल झालीय."

धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी. उन्हाळ्यात लाकूड आटलं की ती निसटू लागते.

"तुमाला काय ठावं?" बाळोबांनी विचारलं.

"माझे वडील गाड्या घडवतात," दादा म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. ते खाली उतरले, बाभळीच्या फांदीच्या पाचरी तासल्या, धोंड्याने ठोकून पट्टीखाली बसवल्या आणि जवळच्या विहिरीचं पाणी आणून चाक भिजवलं. कपाळावरचा घाम पुसत काम करणारे दादा इतके खुशीत मी खोलीवर कधी पाहिले नव्हते. आई सूर्याकडे बघत होती. या दुरुस्तीत दीड तास गेला आणि आम्ही चिंचवडला पोचलो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं.

शेतात दोन रांगांत मोटारी उभ्या होत्या. काळ्या, हिरव्या, एक तर साईसारखी पांढरी. पेट्रोलचा वास मी तोवर एवढा जवळून घेतला नव्हता. मला तो फार आवडला, अजून आवडतो. सावली म्हणाल तर कोपऱ्यात एक चिंच, आणि तिच्याखाली आधीच शंभर माणसं. शकूने गेल्या गेल्या एका दिव्याला हात लावला आणि बोट भाजून घेतलं. बर्फाच्या गोळ्याने ती शांत झाली, पण अर्धा गोळा फ्रॉकवर सांडला. वाचक आईसाठी सूचना: गोळा परत निघताना घ्या.

गावातल्या एक म्हाताऱ्या बाई एका लांबलचक मोटारीत डोकावून मालकाला विचारत होत्या, "आत यवढी जागा, आन् बसत्यात चारच माणसं?" मालक फडक्याने दार पुसू लागला. याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

दादांनी फोटोसाठी हिरवी मोटार निवडली. वरचं छप्पर उघडं, बाजूला चढायची लांब पायरी, म्हणजे फुटबोर्ड. तिचे मालक खाकी टोपी घातलेले, पुण्याचे, बोलायला मोकळे. "उभं करा की मुलींना फुटबोर्डावर. हवं तर आत बसवा," ते म्हणाले.

दादा आम्हाला उचलणार एवढ्यात आई ओरडली, "आधी चपला काढा!"

"अहो बाई, राहू द्या. मोटार आहे, देवघर नाही."

"दुसऱ्याची वस्तू आहे. एवढी पुसून लख्ख केलीय. चपला घालून चढतात का कुणी?" मग दादांकडे वळून, "तुम्हीसुद्धा. तुमचाही पाय लागतोय तिथे."

आईच्या त्या आवाजापुढे मोटारवाल्यांचंही चाललं नाही. तिन्ही जोड ओळीत काढून ठेवले गेले. दादांनी आम्हाला फुटबोर्डावर ठेवलं मात्र, शकूने जी किंकाळी फोडली ती चिंचेखालच्या शंभरच्या शंभर माणसांनी ऐकली असेल. सकाळपासून उन्हात तापलेलं पायरीवरचं रबर तव्यासारखं झालं होतं. मी मोठी म्हणून ओठ दाबून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. दादांनी शकूला उचललं, फिरकीचा तांब्या उघडला आणि होतं तेवढं पाणी फुटबोर्डावर ओतलं.

"अहो, पोरींनी प्यायचं काय?" आई म्हणाली.

"फोटो होऊ दे. काढा हो लवकर!"

फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. "हसा. डोळे उघडे ठेवा. हलू नका." डोळ्यांवर ऊन. शकूचे डोळे गच्च मिटलेले, तोंड रडवेलं. माझी मान वाकडी. दादांना फोटोत यायचं नव्हतं, त्यांना फक्त पोरी पाठवायच्या होत्या. पण शकू घसरू नये म्हणून ते कडेला उभे राहून तिचा दंड धरून होते, तापल्या ढेकळांवर अनवाणी. एवढ्या खटाटोपाचा असा फोटो होणार हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मला दादांसाठी फार वाईट वाटलं.

त्यानंतर शकू एकदम मलूल झाली. गाल लालबुंद, अंग गरम. कांद्याचा काही उपयोग झाला नाही, हेही नोंदवून ठेवते. आईने रिकामा तांब्या दादांच्या समोर धरला. दादांचा चेहरा उतरला. तेवढ्यात हिरव्या मोटारीच्या मालकांनी पुढच्या बाजूला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी सोडून आणली. त्या काळी लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीला अशी पिशवी असायचीच. वाऱ्याने त्यातलं पाणी गार राहायचं. आईने शकूला ते पाजलं, पदर भिजवून डोक्यावर ठेवला, मालकांनी तिला मोटारीच्या मागच्या सीटवर छत्रीच्या सावलीत निजवलं. अर्ध्या तासाने ती उठली आणि भाकरी मागितली. त्या पाण्याला कापडाचा वास होता. तसं गोड पाणी मी नंतर प्यायले नाही.

परतीची एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली. दादा खिडकीतून बाहेर बघत होते. "चूक झाली माझी," एवढंच ते आईला म्हणाले. आईने शकूचं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि विषय संपवला.

आठवड्याने फोटो हातात आला. मोटार अप्रतिम. आम्ही दोघी उन्हाने वाकड्यातिकड्या, चारही पावलं उघडी. कडेला दादांचा कोपरापासून हात आणि खाली एक अनवाणी पाऊल. आई म्हणाली, "हा नका पाठवू." दादांनी दोन दिवस विचार केला, मग मागे लिहिलं, "आपल्या नाती. चिंचवड." मोटार कुणाची, काय, काहीच लिहिलं नाही. पाकीट पेटीत टाकून आल्यावर जेवताना ते म्हणाले, "आता याचंही उत्तर आलं नाही, तर मी लिहिणं थांबवीन." ते त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की आईने वाढता वाढता हात थांबवला.

आज मी संत तुकाराम नगरमध्ये राहते. चिंचवड रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. ते शेत कुठे होतं हे मी दोन-तीनदा शोधायला गेले. रस्त्याकडेला दुकानं आहेत, वर सात मजले आहेत, आणि मला चिंचेची जागाही सांगता येत नाही. फोटो एका घरबदलीत हरवला. पण त्या सहलीचं एक कार्ड माझ्या कपाटात आहे. महिन्याभराने पोस्टमन आमच्या दाराशी थांबला तेव्हाचं. आबांना लिहिता येत नव्हतं, अक्षर शाळामास्तरांचं. दादांनी ते माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. 

"मोटार कुणाची का असंना. पोरी उन्हात अनवाणी उभ्या आहेत. तिघांच्या पावलांचं माप कागदावर काढून धाडणे. वहाणा करून घेतो."

दादांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पोरी तर दोनच. तिसरं कोण?"

आई चुलीपुढून उठली. कार्ड तिने हातात घेतलं. "तिसरे तुम्ही," ती म्हणाली. "पाय ओळखला त्यांनी तुमचा."

दादा रडले. आमच्यासमोर, तोंड न झाकता. मी पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरून शकूचा हात धरला. मग आईने रद्दीचा मोठा कागद जमिनीवर अंथरला, सुताराची लाल पेन्सिल घेतली आणि आधी आमची पावलं काढली. शकूला गुदगुल्या झाल्या, तिचं पाऊल तीनदा काढावं लागलं. शेवटी दादांनी पाय ठेवला. पेन्सिल अंगठ्यापाशी आली तसे ते म्हणाले, "जरा मोठा काढ गं. इथे येऊन वाळलो असं वाटायला नको त्यांना."

आईने मोठा काढला. वहाणा आल्या त्या आम्हा दोघींना अगदी मापात, दादांना दोन बोटं सैल. पुढे चिंध्या कोंबून त्यांनी त्या कारखान्यात जाताना झिजेपर्यंत वापरल्या, आणि सैल होतात हे आबांना कधी कळू दिलं नाही.