लान्स नायक साळवे आणि मेगापोडचा ढिगारा

आमच्या सुभेदारानं लान्स नायक मिलिंद साळवेला फसवलं. तेही तो मेल्यावर, म्हणजे उलटून बोलायला माणूस शिल्लक नव्हता.

मी तेव्हा हवालदार होतो. आता चितेगावात जुन्या मशिनरीची खरेदी-विक्री करतो. धंदा शून्यातून उभा केला आणि घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. डोकं तापट आहे, हेही मान्य. पण इथं लिहितो ते सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे.

आमची तुकडी निकोबारच्या एका लहान बेटावर होती. एक रेडिओची खोली, जेवणाचं एक लंगर, मागं जंगल, पुढं समुद्र. पहाटे पीटी, मग पेट्रोलिंग, संध्याकाळी रोल कॉल. त्या जंगलात मेगापोड नावाचा पक्षी राहतो. तिथली त्याची जात निकोबारच्या बेटांखेरीज जगात कुठंच नाही. कोंबडीएवढा, तपकिरी, पाय मात्र भलेमोठे. तो अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू आणि पालापाचोळ्याचा कमरेइतका ढिगारा रचतो आणि अंडी आत पुरतो. पाला कुजतो, त्याच्या उबेवर पिल्लं तयार होतात. ढिगाऱ्याला हात लावायचा नाही, अशी आम्हाला स्टँडिंग ऑर्डर होती.

मिलिंद फर्दापूरचा, मी दौलताबादचा. एकाच जिल्ह्याचे, म्हणून तो मला दादा म्हणायचा. त्याला अंड्याचा वास सहन होत नसे. लंगरमध्ये आमचा पक्का सौदा होता : त्याचं उकडलेलं अंडं मला, माझी जिलेबी त्याला. "दादा, तुम्ही लई लुटता," म्हणायचा आणि जिलेबी आधी उचलायचा. दुपारी मोकळा झाला की लांब बसून तो मेगापोडची जोडी पाला ओढताना बघत राहायचा.

एका सकाळी रेडिओवर वादळाचा इशारा आला. खोलीभोवती वाळूची पोती लावायची होती. सगळीकडची वाळू भिजून जड झालेली. सुभेदारानं सर्वांत जवळचा ढिगारा दाखवला. कोरडी, भुसभुशीत, आयती रचलेली वाळू. दोन जवानांनी फावडी घातली. दुसऱ्याच घावाला दोन अंडी फुटली.

मिलिंदनं फावडं धरून त्यांना थांबवलं. ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. "साहेब, आत गरम आहे. पिल्लं आहेत. इथनं वाळू नाय घ्यायची."

"कोंबडी का बाप है तू?" सुभेदार म्हणाला. "जा, समुंदर से भर के ला."

ऑर्डर होती. मिलिंदनं आधी उघडा पडलेला भाग वाळूनं आणि पाल्यानं झाकला, मग किनाऱ्यावर गेला. तो ओली वाळू भरायचा, मी पोती वर न्यायचो. पाणी चढत होतं. मी ओरडलो, बस झालं, वर ये. त्यानं हात केला : एकच राहिलं.

पोतं ठेवून वळलो तर किनाऱ्यावर कोणी नव्हतं.

कमरेला दोर बांधून मी पाण्यात उतरलो. लाटेनं उचलून फेकलं. पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा दोर धरणाऱ्यांनी ओढूनच बाहेर काढलं. त्यांना मी आईवरून शिव्या दिल्या. मग रेडिओ घेतला.

"एक जवान समुद्रात. बोट पाठवा. ओव्हर."

"बोट निघू शकत नाही. ओव्हर."

"हेलिकॉप्टर. ओव्हर."

"निगेटिव्ह. वाट बघा. आऊट."

वाट बघितली. पाणी खोलीपर्यंत आलं. मिलिंदनं भरलेल्या पोत्यांनी ते अडवलं. त्या पोत्यांआड बसून मी पुन्हा पुन्हा तीच बोट मागत होतो. वादळ उतरल्यावर सगळा किनारा पालथा घातला. फावडं सापडलं. मिलिंद सापडला नाही.

चौकशी झाली. सुभेदारानं सांगितलं, साळवे विनापरवानगी अंडी चोरायला गेला होता. पुरावा म्हणून उकरलेला ढिगारा आणि फुटलेली टरफलं दाखवली. ऑर्डर मोडून ढिगारा उकरायला लावला त्यानं, उधाणात माणूस पाठवला त्यानं, आणि दोन्ही दोष एकाच खोट्यात मेलेल्याच्या अंगावर टाकले. मी वाळूचं सांगितलं. फावडी मारणारे दोघे गप्प राहिले. निकालात वाळूचा उल्लेखही आला नाही.

बेट सोडण्याआधी मी त्या ढिगाऱ्याकडं गेलो. पाला हलला, एक पिल्लू वाळू उकरून वर आलं, थोडं थांबलं आणि एकटंच झाडीत पळालं. ज्याला हे सांगावं तो मिलिंद नव्हता.

त्याच्या गावच्या शहीद स्मारकावर त्याचं नाव नाही. त्याची बायको, वंदनावहिनी, मला एकदाच म्हणाल्या, "भावजी, घरात अंडं उकडलं तरी ते अंगणात जाऊन बसायचे. अन् त्यांनाच चोर म्हणतेत?"

सुभेदार आता रिटायर आहे. मी फोन केला तर म्हणाला, जुनं उकरू नका, मी वहिनींना शाल देऊन सत्कार करतो. आयुष्यभर मी सौदे केले, हा करणार नाही.

सुभेदारसाहेब, शाल ठेवा तुमच्याकडं. फर्दापूरला या. वंदनावहिनींच्या अंगणात, चार माणसांसमोर उभे राहा आणि सांगा : लान्स नायक मिलिंद साळवेला समुद्रावर कोणी पाठवलं?