एथिक्सचा एक तास

टेक्सासात इंजिनीअरचं लायसन्स दरवर्षी नवं करावं लागतं. फी चाळीस डॉलर. शिवाय वर्षभरात पंधरा तास काहीतरी शिकल्याचं दाखवावं लागतं आणि त्यातला निदान एक तास एथिक्सचा, म्हणजे व्यवसायातल्या नीतीचा असावा लागतो. फॉर्म भरताना पुरावे कोणी मागत नाही. आपण खरं सांगतोय, अशी एक ओळ असते, तिच्यासमोर खूण करायची. कधीतरी कोणाची तपासणी निघते. माझी आजवर निघालेली नाही. तरी मी तक्ता ठेवतो: तारीख, विषय, मिनिटं.

पूर्वी फी कंपनी भरायची. दोन वर्षांपूर्वी आमचा विभागच बंद झाला, तेव्हापासून मी शुगर लँडमधल्या या घरातून एकट्यानं काम करतो. इथली माती चिकण आहे. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि तिच्यावरची घरं हलतात. घर घेण्याआधी लोक मला बोलावतात. मी जमिनीच्या पातळ्या घेतो, भेगा मोजतो आणि पाया कसा आहे ते लिहून पत्रावर शिक्का मारतो. या वर्षी अशी अकरा पत्रं झाली. फी सहज निघते, पण अकरा पत्रांना धंदा म्हणता येत नाही.

लायसन्सची परीक्षा मी शिकागोजवळ शॉमबर्गला असताना दिली होती. तेव्हा परीक्षेला पुस्तकं नेता यायची आणि लोक गाडाभर न्यायचे. बायकोनं भारतातून आणलेल्या दोन मोठ्या बॅगांत माझी पुस्तकं भरली. मग बाथरूममधला काटा आणून दोन्हींचं वजन केलं. एक पंचवीस किलो भरली, तर तिच्यातली दोन जाड पुस्तकं काढून दुसरीत घातली, विमानाच्या नियमाप्रमाणे तेविसाच्या वर जायला नको म्हणून. मी बॅगा धरून उभा होतो. परीक्षेच्या दारात वजन कोण करणार, हे हॉलसमोर गाडी लावेपर्यंत आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ती मार्चपासून नागपूरला आहे. तिच्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, आणि घरात दुसरं कोणी नाही. मुलगी सिअ‍ॅटलला नोकरी करते, मेसेज पाठवते. घरात दिवसभर बोलण्याचा आवाज येतो तो वेबिनारचा. म्हणूनच या वर्षी माझे चौदा तास जुलैतच पूर्ण झाले होते. एथिक्सचा राहिला होता, तो ऑक्टोबरात केला.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी फॉर्म उघडला आणि सवयीप्रमाणे तक्ता फोनच्या नोंदींशी ताडून पाहिला. एथिक्सच्या वेबिनारची वेळ दुपारी बारा ते एक. त्याच दिवशी बारा वाजून सात मिनिटांनी बायकोचा फोन, त्रेपन्न मिनिटांचा. तेव्हा आठवलं. मी वेबिनारचा आवाज बारीक करून तिच्याशी बोललो होतो. मधूनमधून स्क्रीनवर प्रश्न यायचा, त्यावर क्लिक केलं नाही तर सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून मी क्लिक करत होतो. सर्टिफिकेट आलं होतं. मी तक्त्यातला तो तास काट मारून रद्द केला.

तिला गंमत वाटेल म्हणून फोन केला. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते.

"अरे बाप्पा," ती हसत म्हणाली, "नीतीच्या तासाला बायकोशी बोललास म्हणून तास बाद? सख्ख्या बायकोशी?"

"तासभर ऐकलं असं लिहून द्यायचं असतं. मी सात मिनिटं ऐकलं."

"म्हणजे उरलेला वेळ माझं ऐकत होतास ना? मग झालं तर."

मी तक्त्यातली तारीख पुन्हा पाहिली.

"कोणता फोन रे हा? ऑक्टोबरातला? आई झोपल्यावर केलेला?"

"हो."

"त्यातच तर तुला विचारलं होतं, की तिकडचं आवरून जानेवारीत ये म्हणून. आई आहे तोवर मला इथून हलता येणार नाही, एवढं सगळं सांगितलं. तू हो म्हणालास."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. ती थकलेली वाटत होती, एवढंच आठवत होतं.

"मी वरची खोली रंगवून घेतली," ती म्हणाली. "सुताराला तुझं टेबल सांगितलंय. तुला सरप्राइज द्यायचं होतं. आणि तू रविवारी सकाळी लायसन्स कशाला काढून बसलायस?"

"मी ऐकलं नव्हतं गं."

"मग हो काहून म्हणालास?"

"स्क्रीनवर प्रश्न आला असेल. घाईत म्हणालो असेन."

तिनं तिकडचा टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, "आता ऐकलंस ना? आता सांग. पण विचार करून सांग. मला हो नको, खरं काय ते सांग."

मी तिच्याकडून एक तास मागून घेतला.

त्या तासात मी एथिक्सचा दुसरा कोर्स केला. फोन बेडरूममध्ये ठेवून आलो. एक बाई वेगवेगळी प्रकरणं समजावून सांगत होती: न पाहिलेल्या बांधकामावर शिक्का मारणारे, न तपासलेल्या नकाशावर सही करणारे. मी सगळं ऐकलं, टिपणं काढली. शेवटच्या दहा प्रश्नांपैकी दहा बरोबर आले.

मग फॉर्मकडे वळलो. तिथे दोन पर्याय असतात. एक सक्रिय. दुसरा निष्क्रिय: लायसन्स राहतं, तास भरावे लागत नाहीत, पण शिक्का मारता येत नाही. मी दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडले. नागपूरला खर्च कमी. या घराचा टॅक्स, विमा, वीज वाचते. अकरा पत्रांची मिळकत त्यापुढे काहीच नाही. हिशेब सरळ जाण्याच्या बाजूनं होता. पण निष्क्रियवर खूण करायला हात जाईना. तिथे गेल्यावर सकाळी उठून मी कोण, हे मला सांगता येत नव्हतं. इथे निदान कोणीतरी फोन करून विचारतं, इंजिनीअर आहात ना, पाया बघायला याल का?

सक्रियवर खूण केली. खरं सांगतोय या ओळीसमोर खूण केली. चाळीस डॉलर भरले. मग फोन केला.

"झाला तास?"

"झाला. मी नाही येत. म्हणजे महिनाभर येईन. कायमचा नाही. मला लायसन्स सोडवत नाही."

"अकरा पत्रांसाठी?"

"हो."

"मी इथे रोज आईला सांगते, मी तुझी मुलगी आहे म्हणून. आणि तुला तिथे लोकांनी इंजिनीअर म्हणावं लागतं." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "ठीक आहे. खरं बोललास."

"टेबल कॅन्सल कर."

"लाकूड कापून झालंय. मी बसेन त्यावर." आतून तिच्या आईनं कोणाला तरी हाक मारली. नाव भलतंच होतं. "आले," असं आईला म्हणून तिनं फोन ठेवला.

मेलवर पावती आली होती. लायसन्स आणखी एक वर्ष चालू राहील, असं तीत लिहिलं होतं. मी ती छापली, फाइलला लावली आणि तक्त्यात रद्द केलेल्या तासाखाली नवा तास लिहिला: साठ मिनिटं, पूर्ण ऐकला.