वाघाचं डोकं

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नात कॉलेजच्या, सामन्यात संघाला चेव आणणाऱ्या चिअर पथकात निवडली गेली आणि वाघाचं भलंमोठं कापडी डोकं घालून माझ्यासमोर नाचू लागली.

"आजोबा, आत जीव गुदमरतो हो."

मी कॉलेजात असताना आमच्या पथकात वाघ व्हायचा माझा मित्र दत्ता. गुदमरलं तर त्यानं छातीवर दोनदा थाप मारायची आणि मी डोकं उतरवायचं, असं ठरलं होतं. कबड्डीच्या अंतिम सामन्यात त्यानं थाप मारली. लोकांना वाटलं, वाघ ऐटीत छाती बडवतोय. मी म्हणालो, "नाच लेका, थोडंच राहिलंय." तो कोसळला.

पथकाच्या सरांना मी सांगितलं, "त्यानं खूण केलीच नाही." तो बरा झाला, पण बेफिकीर म्हणून त्यालाच पथकातून काढलं.

नातीचा वाघ मी घाईनं उतरवला. पुढे कधीतरी दत्ता वारला, त्याला सांगायचं राहिलं: तू थाप मारली होतीस. मी पाहिली होती. माझं चुकलं.