इमलिनची भीड

इमलिन प्रॉबर्ट वेल्समधल्या एका लांबलचक दरीतल्या रेल्वेचा गार्ड. अंगाने आडवा, आवाज खणखणीत. बिनतिकिटाचा कुणी सापडला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. पण हा सगळा तोरा दरीपुरता. शहरातला कडक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस समोर आला की गड्याची शेळी व्हायची. बायको त्यावरून त्याला येता-जाता टोमणे मारी आणि तो निमूट ऐकून घेई.

त्या वर्षी दरीतल्या गाड्या चालवायचा ठेका नव्या कंपनीकडे गेला. जुने डबे भंगारात काढून नवे आणायचं ठरलं. कसे असतील ते दाखवायला कंपनीने कार्डिफला लाकडाचा एक नमुन्याचा डबा उभा केला आणि दरीच्या वतीने मत द्यायला इमलिनला बोलावणं धाडलं. बोलावणं आलं त्या दिवसापासून स्वारी हवेत होती.

कार्डिफला जायच्या आदल्या रविवारी चॅपेलमधली प्रार्थना सुटल्यावर मागच्या खोलीत चहा चालला होता. नेस्टा पगने त्याला कोपऱ्यात ओढलं. लहानपणी याच बाईने त्याला बायबलच्या गोष्टी शिकवल्या होत्या.

"इमलिन, बाळा, नव्या डब्यात ते ठेवणार नाहीत म्हणे."

"ते म्हणजे?"

"संडास रे, संडास," शेजारची ग्वेन म्हणाली. "किती अंत बघशील तिचा?"

नेस्टाचे कान लाल झाले होते. तरी तिने नेटाने सांगितलं. "हृदयाच्या गोळ्या घेते ना मी, त्याने सारखं जावं लागतं. कार्डिफपर्यंत नाही रे धरवत. मधे उतरावं तर स्टेशनांवरचं ते कुलपात. जुन्या गाडीत निभत होतं. आता मेगनकडे जायचं कसं मी?"

मेगन तिची थोरली बहीण. कार्डिफच्या वृद्धाश्रमात असायची, आणि आताशा नेस्टाखेरीज कुणालाच ओळखत नव्हती.

"मी आहे ना! टेबल बडवून सांगतो," इमलिन म्हणाला.

कार्डिफला टेबल होतं खरं, पण त्यावर पांढरं कापड होतं. नाजूक कप, बिस्किटांची बशी, आणि पलीकडे कंपनीच्या मिस हॅलम. खुर्च्या कशा, खिडक्या कशा, एकेक विचारून झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "अजून काही, मिस्टर प्रॉबर्ट? तुमच्या प्रवाशांना काय लागतं ते तुम्हीच जाणता."

शब्द अगदी ओठांवर आला. पण असल्या बाईसमोर, चहाच्या टेबलावर, संडासाचं नाव काढायचं?

"कोट अडकवायच्या खुंट्या छान आहेत," इमलिन म्हणाला.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. परतीच्या गाडीतून उतरला तर नेस्टा फलाटावर उभी. "सांगितलंस?" "सांगितलं की. पण ऐकतील तर ना!" ही थाप मात्र त्याच्या तोंडून न अडखळता निघाली.

नवे डबे आले. नेस्टाने एकदाच धीर केला. परतताना इमलिनचीच गाडी होती. दरीच्या वरच्या टोकाला सगळे उतरले तरी ती उठेना. मग कोट कमरेला गुंडाळून हळूच उतरली. ती बसली होती ती जागा इमलिनने स्वतः पुसली. तिने वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यानंतर ती कार्डिफला गेली नाही.

चॅपेलमधल्या बायकांनी मग कंपनीचा पिच्छा सोडला नाही. शेवटी मिस हॅलम स्वतः चॅपेलच्या मागच्या खोलीत आल्या. खोली गच्च भरली होती.

"नमुना दाखवला तेव्हा हे कुणीच काढलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

नेस्टा उठली. "आमच्या इमलिनने काढलं होतं. तो खोटं नाही बोलायचा, मी शिकवलंय त्याला."

मिस हॅलमनी इमलिनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तर मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. माफ करा, मिस्टर प्रॉबर्ट."

टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप इमलिनला सोसवेना. तो उभा राहिला.

"त्यांची चूक नाही. मी बोललोच नव्हतो."

टाळ्या विरल्या. ग्वेनने विचारलं, "का रे?"

"लाज वाटली," तो खाली बघत म्हणाला. "बाईमाणसापुढे तसलं बोलायची."

नेस्टा अजून उभीच होती. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज चढला नाही.

"आणि मला रे, इमलिन? तुला सांगताना मला नसेल वाटली?"

इमलिन तसाच उभा राहिला, आणि त्याला खाली बस असं कुणीच म्हटलं नाही.