मास्तरांची बाजू

माझ्या बायकोच्या मामांइतका वाद घालणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि हे विधान मी त्यांच्यासमोर केलं असतं तर त्यांनी तेही खोडून काढलं असतं. बेल्ह्यात गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मामाच बैलांच्या जखमा धुवायचे, गाईंच्या कासेला मलम लावायचे आणि जनावर धरून उभ्या असलेल्या मालकाला विचारायचे, की या देशाचं खरं वाटोळं कुणी केलं. मालकाच्या हातात दावं असल्यामुळे त्याला निघून जाता येत नसे. त्यानं एखाद्या दिवंगत पुढाऱ्याचं नाव घेतलं, की मामा त्या पुढाऱ्याची वकिली सुरू करत. त्यानं घाईघाईनं मत बदललं आणि तसा माणूस मोठा होता म्हणा, असं कबूल केलं, की मामा त्याच पुढाऱ्याच्या चुका सनावळीसकट सांगू लागत. जनावर बरं व्हायचं, मालक डोकं धरून घरी जायचा.

आमची पहिली भेट साखरपुड्याच्या दिवशी झाली. मी अवसरी खुर्दचा, मंचरला नोकरीला. नोकरी, शेती, विहिरीचं पाणी अशा प्रश्नांची उत्तरं तयार करून गेलो होतो. मामांनी समोर बसून विचारलं, आणीबाणी बरी की वाईट? मी वाईट म्हणालो. त्यावर त्यांनी मला आणीबाणीत रेल्वे किती वेळेवर धावत होती आणि कचेरीतले कारकून कसे दहाच्या ठोक्याला खुर्चीत असत, हे अर्धा तास सांगितलं. माझे चुलते समजूतदार गृहस्थ. प्रकरण मिटावं म्हणून ते म्हणाले, खरंय, बरीच होती. मामा त्यांच्याकडे वळले आणि तुरुंगात डांबलेल्यांची कहाणी सुरू झाली. तोवर मुहूर्त टळला आणि भटजी पंचांगात दुसरा शोधू लागले. घरी परतताना वडिलांनी एवढंच मत दिलं, की मुलीचा मामा जरा बोलका आहे, पण मुलगी शांत दिसते. यातल्या दुसऱ्या अंदाजाबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

मामांचा स्वतःचा पक्ष कोणता, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. लाल बावटेवाले त्यांना भगवे समजत, भगवे त्यांना लाल समजत, आणि खादीवाल्यांना ते दोघांचेही हस्तक वाटत. निवडणुकीची सभा असली की दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते मामांशी वाद घालायला म्हणून एक माणूस वेगळा काढून ठेवत. त्यानं मामांना सभा संपेपर्यंत चहाच्या हॉटेलात गुंतवायचं. अशा कामाला गेलेले दोघेतिघे पुढं राजकारणातूनच निवृत्त झाले. मी एकदा विचारलं, मामा, तुमचा पक्ष तरी कोणता? ते म्हणाले, "पक्ष कशाला पायजे? पक्ष असला की दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागत न्हाई."

सकाळच्या एसटीनं येणारी दोन वर्तमानपत्रं ते घेत, दोन्ही एकमेकांना पाण्यात पाहणारी. दुपारी कात्रीनं कात्रणं काढत आणि औषधांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवत. एका खोक्यावर ‘बाजूनं’ लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर ‘विरुद्ध’. दोन्हीला फिनेलचा वास येई. मामींची तक्रार एवढीच, की जिवंत माणसाचे कपडे खुंटीवर आणि मेलेल्या पुढाऱ्यांना आख्खं कपाट.

या सगळ्या उद्योगात त्यांना तोडीचा एकच माणूस भेटला, तो म्हणजे मास्तर. मास्तर मूळचे बेल्ह्याचेच, पण उभी नोकरी तिकडे मढच्या बाजूला, डोंगरातल्या शाळांवर झालेली. निवृत्त होऊन गावी आले ते पांढरा सदरा, टोपी आणि शाळेत शिकवण्याची शुद्ध भाषा घेऊन. एका पुढाऱ्यावर त्यांची निष्ठा होती. त्या पुढाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहिलं तर अर्धे वाचक हे पान इथंच बंद करतील आणि उरलेले अर्धे मला पत्रं पाठवतील. तो वारून बरीच वर्षं झाली होती. काही घरांत त्याच्या तसबिरीला हार असे आणि काही घरांत त्याचं नाव काढलं तर समोरची थाळी बाजूला सारली जाई. मास्तर तरुणपणी त्याच्या हाकेवर सत्याग्रहात गेले होते आणि आठ महिने तुरुंगात राहिले होते.

एसटी स्टँडसमोर सायकलच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं. रोज चार वाजता मास्तर त्याच्या उजव्या टोकाला बसत, मामा डाव्या. बाजारच्या दिवशी टेम्पोतून बैल उतरायचे, व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदे करायचे, आणि या गलक्यात हे दोघे खासगी मालमत्ता असावी की नसावी यावर बोलत असायचे. मास्तर आवाज चढवत नसत. मामांनी एखादं कात्रण काढून दाखवलं, की ते चष्मा पुसून ते पूर्ण वाचत आणि म्हणत, "यात तारीख चुकली आहे." मामा घरी येऊन खोकी उलथीपालथी करत. तारीख खरोखरच चुकलेली असे. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं. मामी म्हणायच्या, हरल्यावर ह्यांना दोन भाकरी जास्त लागतात.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा गावात वाचनालयाची नवी खोली बांधून झाली आणि तिला नाव काय द्यायचं, हा विषय ग्रामसभेत आला. मास्तरांनी त्या पुढाऱ्याचं नाव सुचवलं. आयुष्यात त्यांनी गावाकडं मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट. बहुतेकांना नावाशी देणंघेणं नव्हतं आणि ठराव होऊनही गेला असता. पण मामा उठले. माझी सासुरवाडीही बेल्ह्यातच; त्या दिवशी मी तिथं आलो होतो, मागच्या सतरंजीवर होतो. मामांनी दोन्ही खोकी आणली होती. पहिला तासभर त्यांनी त्या पुढाऱ्याची धोरणं, त्याची भाषणं, त्यानं फिरवलेले शब्द असं एकेक काढलं. मास्तर प्रत्येकाला थोडक्यात उत्तर देत होते आणि लोकांना मजा येत होती. टाळ्या मास्तरांना जास्त पडायला लागल्या, आणि मामांच्या तोंडून ते गेलं. ते म्हणाले, "मास्तर, त्याच्यापायी तुमी आठ म्हैने आत बसला. भाईर आई गेली, तिला आग द्यायला तुमाला येता आलं न्हाई. त्या मानसानं पुढं कवा तुमचं नाव तरी इचारलं का?"

आईची गोष्ट मास्तरांनी गावात कुणाला सांगितलेली नव्हती. एकदा बाजारातून परतताना, रस्त्यावर दुसरं कुणी नसताना, फक्त मामांना सांगितली होती. मास्तरांनी टोपी सारखी केली, चपला शोधल्या आणि ते निघून गेले. ठराव बारगळला. खोलीवर ‘सार्वजनिक वाचनालय’ एवढीच पाटी लागली. मामा जिंकले आणि त्या संध्याकाळी अर्धी भाकरी टाकून उठले.

दुसऱ्या दिवसापासून बाकड्याचं उजवं टोक रिकामं. मामा चार वाजता जाऊन बसत. कुणाकुणाशी वाद उकरून काढत, पण समोरचा लगेच चिडे किंवा लगेच कबूल होई, आणि दोन्हीत त्यांना चव नव्हती. मामी म्हणाल्या, जा आणि माफी मागून या. मामा दोनदा मास्तरांच्या मळ्यापर्यंत गेले आणि बांधावरून परत आले. उभ्या जन्मात माफी कशी मागायची ते मामा शिकले नव्हते. त्यांना फक्त मुद्दे मांडता येत होते. अशी दोन वर्षं गेली.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तिसऱ्या दिवशी मामा त्यांच्या दारात उभे राहिले आणि सुनेला म्हणाले, मास्तर हायेत का? मास्तर कुठं जाणार होते! सुनेनं आत घेतलं. पहिले दोन दिवस मामा खाटेशेजारी नुसते बसून आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून कात्रण काढलं आणि त्या पुढाऱ्याच्या एका निर्णयावर टीका सुरू केली. मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सून मला नंतर सांगत होती, की आता ह्यांना जा म्हणावं असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मामा उठले, खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले, तिथं उकिडवे बसले आणि मास्तरांच्या तोंडाकडं बघत त्या टीकेला उत्तर द्यायला लागले. अगदी मास्तर देत तसं. बोलून झालं की परत या बाजूला आले आणि त्याचा प्रतिवाद केला.

हे पुढं रोज चार वाजता चालू राहिलं. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो. खाटेच्या अलीकडच्या अंगाला मामा ‘न्हाई’ आणि ‘व्हतं’ म्हणत, पलीकडे गेले की ‘नाही’ आणि ‘होतं’. पलीकडे जाताना नकळत ते खांद्यावरचा पंचा नीट करत आणि आवाज खाली आणत. मास्तरांचं काम डाव्या हाताकडं होतं. मामांनी त्यांची बाजू बरोबर मांडली तर हात स्वस्थ. काही सुटलं तर बोटं खाटेच्या लाकडावर वाजत. मग मामा तिथंच थांबून, काय राहिलं, कोणतं राहिलं, असं आठवत बसत. सापडेपर्यंत बोटं थांबत नसत. त्या वर्षभरात मामांनी ‘बाजूनं’चं खोकं तीनदा पाठ केलं असेल. मास्तरांची बाजू खुद्द मास्तरांनी कधी इतकी सविस्तर मांडलेली नव्हती, असं माझं मत झालं, आणि बोटांनाही ते मान्य असावं.

मी गेलो त्याच दिवशी एक गोष्ट घडली. मामा अलीकडं येऊन बसले. मग तो ग्रामसभेतला प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, तेच शब्द, फक्त हळू. मास्तरांचे डोळे त्यांच्यावर होते. मामा उठले, पलीकडे गेले आणि या वेळी बसले नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "त्यांनी नाव विचारावं म्हणून मी गेलो नव्हतो. मला ते बरोबर वाटलं म्हणून गेलो. आणि आईचं म्हणाल, तर ते माझं दुःख आहे. चारचौघांत ते काढायचा अधिकार तुम्हाला नव्हता."

मग ते वळसा घालून आपल्या जागी आले. बसायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "मास्तर, ह्याला माज्याकडं उत्तर न्हाई."

मास्तरांचा हात लाकडावर वाजला नाही. तो गोधडीवरून हळूहळू सरकत मामांच्या गुडघ्यापाशी आला आणि तिथंच राहिला. दारात उभी असलेली सून चहा ठेवायला आत निघून गेली. मी खिडकीबाहेर मास्तरांची कांद्याची चाळ पाहत बसलो.

पुढच्या वर्षी मास्तर गेले. आमच्याकडं दशक्रियेला भाषणं असतात. पिंडाला कावळा शिवायचा असतो आणि इकडं माईकवर सर्वपक्षीय श्रद्धांजली चालू असते. नदीच्या घाटावर सगळे जमले. जे मास्तरांशी कधी चार शब्द बोलले नाहीत, तेही गहिवरून बोलले. एका तरुण पुढाऱ्यानं आठ महिन्यांचा तुरुंगवास दोन वर्षांचा करून टाकला आणि सत्याग्रहही भलताच सांगितला. मी मामांकडं पाहिलं. ते पायरीवर बसून पाण्याकडं बघत होते. शेवटी सूत्रसंचालकानं त्यांचं नाव पुकारलं. लोक सावरून बसले. मामा माईकपाशी गेले, तो वरखाली केला. मग म्हणाले, "बोलायला लई हाय. पर मास्तर न्हाईत." आणि खाली येऊन बसले.

परतताना ते माझ्या मोटरसायकलवर मागं बसले होते. गावाच्या अलीकडं मला ती शांतता सोसेना. मी मान वळवून त्या पुढाऱ्याबद्दल एक धडधडीत चुकीचं विधान केलं. इतकं चुकीचं, की एरवी मामांनी मला गाडी थांबवायला लावली असती. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सावकाश चालवा, पावणं," ते म्हणाले. "रस्ता उखडलाय."

मी गाडी हळू घेतली.